शनिवारवाड्यावर त्या दुपारी पहारा कोणाचा होता?

सध्याचा मुक्काम चेन्नई, त्यातही वेलचेरी.

फौजेत बदलीच्या ऑर्डरबरोबर दोन गोष्टी न मागता मिळतात. एक, नव्या गावच्या पाण्याबद्दलचे सल्ले. दुसरी, तिथल्या भुताची गोष्ट. प्रत्येक जुन्या छावणीत एक तरी असा बंगला असतो, जिथे म्हणे अमावास्येला मुंडके नसलेला गोरा साहेब घोड्यावरून रपेट मारतो. अशा दोन बंगल्यांत मी सहकुटुंब राहिलो आहे. घोडा काही दिसला नाही. गळका नळ मात्र रात्रभर ऐकला.

वेलचेरीत भुताला राहायला जागाच उरलेली नाही. एके काळी तळे आणि पाणथळ असलेल्या या भागात आता इमारतीला इमारत लागली आहे. डिसेंबर २०१५ चा पूर ज्यांनी इथे पाहिला, त्यांना भुतापेक्षा ईशान्य मोसमी पावसाची धास्ती जास्त. आमच्या गच्चीवरून परंगीमलै दिसते, म्हणजे सेंट थॉमस माउंट. सुमारे ३०० फुटांची टेकडी, वर जुने चर्च, आणि त्याच परिसरात अधिकारी प्रशिक्षण अकादमी. या टेकडीकडे शेवटी पुन्हा यायचे आहे, म्हणून ती ध्यानात ठेवा.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. शिर्डी आणि पुणे करून ते नुकतेच परतले. भेटताच त्यांचा प्रश्न, "कर्नल सार, तुम्ही पुण्याजवळच शिकलात ना? मग सांगा, तो पेशव्यांचा वाडा खरोखर झपाटलेला आहे का? रात्री एक मुलगा काकाला हाका मारतो म्हणतात."

त्यांना वाडा कोणी बांधला ते सांगता आले नाही, पेशवा म्हणजे कोण तेही नीट नाही. पण हाक ठाऊक होती. 'काका, मला वाचवा' ही हाक पुण्याहून हजार किलोमीटरांवर तमिळ घरात पोहोचली होती आणि त्या दिवसाची बाकी हकीकत वाटेतच राहिली होती. खरे सांगायचे तर मराठी घरांतही फारसे वेगळे नाही. म्हणून हा लेख. इतिहासकार मी नाही. ज्याने आयुष्यभर गार्ड लावले आणि तपासले, त्याच्या नजरेने ही हकीकत पुन्हा वाचायची, एवढेच.

आधी चेन्नईच्या भुताचा हिशेब मिटवू. इथे अड्यार नदी समुद्राला मिळते तिथे एक मोडका पूल आहे. सगळे त्याला इंग्रजी नावाने 'ब्रोकन ब्रिज' म्हणतात. १९६७ साली बांधला, १९७७ मध्ये नदीच्या जोराने त्याचा एक भाग वाहून गेला, तेव्हापासून तो पाण्यावर अर्धवट लोंबकळत उभा आहे. तिथे रात्री बाईच्या किंकाळ्या ऐकू येतात अशी बोलवा आहे, त्यामुळे तरुण पोरे हटकून जातात. आम्हीही एका रविवारी संध्याकाळी मुलीला घेऊन गेलो. वारा होता, मासेमारीची जाळी होती, मोबाइलवर फोटो काढणारी मंडळी होती. पुलाचे तुटलेले टोक पाहून पोटात गोळा आला, पण तो उंचीमुळे.

परतताना बेझंटनगरच्या एलियट्स बीचवर थांबलो. तिथे वाळूत एक पांढरी कमान उभी आहे, कार्ल श्मिट स्मारक. हा डॅनिश खलाशी. १९३० मध्ये बुडणाऱ्याला वाचवायला समुद्रात शिरला आणि स्वतः बुडाला. आमच्यासमोर वीसेक माणसे त्या कमानीच्या सावलीत बसली होती. मुलीने दोघांना विचारले, हे कशाचे स्मारक? त्यांना माहीत नव्हते. पुलावरच्या किंकाळीची गोष्ट मात्र दोघांनाही पाठ होती. मुलगी म्हणाली, "बाबा, ओरडणारी बाई सगळ्यांना माहितीये, वाचवणारा माणूस कुणालाच नाही." तिचे हे वाक्य गेल्या डिसेंबरमध्ये रजेवर पुण्याला गेलो तेव्हा माझ्याबरोबर शनिवारवाड्यात आले.

खडकवासल्याला एनडीएत असताना रविवारची लिबर्टी मिळाली की आम्ही पुण्यात उतरायचो. तेव्हा वाड्यापेक्षा जवळची मिसळ महत्त्वाची. त्यामुळे वाडा नीट पाहिला तो या वेळीच, कामाच्या नजरेने.

थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. तटाला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे. उत्तरेचा दिल्ली दरवाजा अजून तसाच भरभक्कम आहे. हत्तीने धडक मारू नये म्हणून त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे ठोकले आहेत. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, वळणे घेत जाते, म्हणजे घुसलेल्याचा वेग मोडावा आणि वरून मारा करता यावा. बाहेरून येणाऱ्या शत्रूचा विचार बांधणाऱ्याने पक्का केला होता, हे कोणाही इन्फन्ट्रीवाल्याच्या लगेच लक्षात येते.

आत मात्र जोती आहेत, हिरवळ आहे, हजारी कारंज्याचा हौद आहे, बाकी काही नाही. वरचे मजले लाकडाचे होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली, ती सात दिवस धुमसत राहिली आणि वाडा राखेला मिळाला. म्हणजे ज्या दालनांतून नारायणराव धावले असे गाइड बोटाने दाखवतो, ती दालने हवेत आहेत. आणखी एक. संध्याकाळी दरवाजे बंद होतात, पर्यटकाला आत राहता येत नाही. मग मध्यरात्रीची हाक ऐकतो कोण, हा प्रश्न आमच्या गाइडला विचारला. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, ऐकणारे बाहेर असतात." उत्तर मला आवडले.

कुणी म्हणतो हाक पौर्णिमेला येते, कुणी म्हणतो अमावास्येला. मूळ घटनेत रात्रही नाही आणि चंद्रही नाही. सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. भाद्रपदातले गणपतीचे दिवस, पुणे गजबजलेले, आणि वेळ भर दुपारची, जेवणे उरकल्यानंतरची. भुताच्या गोष्टीने ही दुपार पुसून तिथे रात्र आणली. रात्र आणली की पहाऱ्यावरच्या माणसाला सवलत मिळते, अंधार होता म्हणता येते. त्या दिवशी लख्ख उजेड होता.

नारायणरावांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. म्हणजे त्या दिवशी वय १८ वर्षे आणि २० दिवस. ज्यांनी एनडीए पाहिली आहे त्यांनी आपल्या स्क्वाड्रनमधला एखादा कॅडेट डोळ्यांसमोर आणावा, याच वयाचा असतो. थोरला भाऊ विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडला. दुसरे भाऊ माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेले, अवघे २७ वर्षांचे. पेशवाईची वस्त्रे या तिसऱ्याच्या अंगावर आली आणि नऊ महिन्यांत तो गेला. त्याला तापट, पोरकट, कच्च्या कानाचा म्हणणारे पुष्कळ आहेत. असेल. अठराव्या वर्षी आपल्यातले किती जण धीरोदात्त होते?

काका रघुनाथराव म्हणजे साधा माणूस नव्हे. १७५८ मध्ये मराठी फौज अटकेपर्यंत गेली ती यांच्याच मोहिमेत. असा मातब्बर, महत्त्वाकांक्षी आणि नाराज सेनानी पुतण्याने त्याच वाड्यात नजरकैदेत ठेवला होता. आता सुरक्षेच्या दृष्टीने बघा. सर्वांत मोठा राजकीय कैदी आणि राज्याचा प्रमुख एकाच आवारात राहतात, एकाच तटाच्या आत, आणि त्या आवाराचा पहारा आहे गारद्यांकडे.

गारद म्हणजे पहारा, गारदी म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई, इंग्रजी 'गार्ड'च्याच कुळातला शब्द. पगारावर ठेवलेली, कवायत शिकलेली ही पायदळे. आज मराठीत 'गारदी' म्हटले की मारेकरीच आठवतो, पण हा त्या शब्दावर अन्याय आहे. बाराच वर्षांपूर्वी पानिपतावर इब्राहिमखान गारदी आपल्या पलटणींसह मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढला, जखमी अवस्थेत पकडला गेला आणि हालहाल होऊन मेला, पण त्याने बाजू सोडली नाही. तेच नाव, तोच पेशा. एक पेशव्यांसाठी मेला आणि दुसऱ्यांनी पेशव्यांना मारले. मधल्या बारा वर्षांत काय बदलले, हा खरा प्रश्न आहे, आणि तो भुताच्या गोष्टीत कधी येत नाही.

एक गोष्ट कागदावर स्पष्ट आहे, गारद्यांचा पगार थकला होता. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ हे त्यांचे जमादार. त्यांच्याशी बोलणी झाली, भारी रक्कम कबूल झाली आणि थकलेल्या पगाराचा गोंधळ हे आत शिरायचे निमित्त ठरले. इथे मी गारद्यांची वकिली करत नाही. पगार थकला म्हणून निःशस्त्र मुलावर तलवार चालवणाऱ्याला क्षमा नाही. पण ज्याच्या हाती हत्यार दिले आहे त्याचा पगार वेळेवर देणे, त्याची तक्रार त्याच्याच अधिकाऱ्याने ऐकणे आणि त्याची निष्ठा एका साखळीला बांधलेली असणे, या तीन गोष्टी सुटल्या की तो शिपाई बाजारात उभा राहतो. मग जास्त बोली लावणारा त्याचा धनी.

आता त्या दिवशीची घटनाक्रमणी. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. साताऱ्याला असताना त्याला जुनी कागदपत्रे पाहता आली आणि जुन्या माणसांशी बोलता आले. त्याच्यावरून आणि परंपरेने चालत आलेल्या हकीकतींवरून जे चित्र दिसते ते असे. सकाळीच गारद्यांत चुळबूळ होती. कट शिजत असल्याची कुणकुण खुद्द नारायणरावांच्या कानावर आली. ती देणारे रघूजी आंग्रे असे सांगतात. नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना वाड्याचा बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत 'करतो' म्हणाले आणि आधी जेवायला गेले.

फौजेतल्या माणसाने इथे क्षणभर थांबावे. माहिती मिळाली होती. ती योग्य माणसाकडे पोहोचली होती. हुकूम दिला गेला होता. फक्त अंमलबजावणी जेवणानंतर ठरली. हरिपंत नालायक नव्हते. पुढे त्यांनी मराठी फौजांचे नेतृत्व केले आणि रघुनाथरावांशीही लढले. चांगला माणूस, चांगला अधिकारी, आणि दुपारचा एक तास. परंगीमलैच्या आमच्या कॅडेट मुलामुलींना पहाऱ्याचा धडा शिकवताना मी ही हकीकत सांगतो तेव्हा वर्ग शांत होतो. कारण हा चुकलेला तास कुणाच्याही ड्यूटीत येऊ शकतो.

दुसरा तपशील तटाचा. ग्रँट डफ सांगतो की काकांच्या बाजूपासून वेगळी वाट काढण्यासाठी वाड्याला नवे दार पाडायचे काम चालू होते आणि गारदी शिरले ते त्या अर्धवट, बंदोबस्त नसलेल्या दारातून. म्हणजे दिल्ली दरवाजाचे खिळे जागच्या जागी होते, बुरूज होते, वळणाची वाट होती. बांधकामासाठी उघडलेल्या भगदाडावर कोणी उभे नव्हते. ज्यांनी कधी युनिटच्या कुंपणाचे काम चालू असताना ड्यूटी केली आहे, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

मग जे झाले ते सर्वांना माहीत आहे. आरडाओरडा, समोर आलेल्यांची कापाकापी, आणि अठरा वर्षांचा पेशवा काकाच्या दालनाकडे धावला, त्याला मिठी मारून जीव मागितला. काकाने वाचवले नाही. काही जण म्हणतात इच्छा असूनही वाचवता आले नाही. तुळाजी पवाराने पाय धरून ओढले आणि सुमेरसिंगाने वार केले. परंपरा सांगते की शव ज्या दाराने बाहेर नेले, ते पुढे नारायण दरवाजा म्हणून ओळखले जाऊ लागले.

याच क्षणी आणखी एक माणूस तिथे होता. चापाजी टिळेकर, नारायणरावांचा हुजऱ्या, म्हणजे खाजगीतला सेवक. हातात शस्त्र नाही. पहारा त्याचे काम नव्हे. तो धावत आला आणि धन्याच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनी दोघांनाही एकत्रच तोडले. इच्छारामपंत ढेरेही त्या धुमाळीत मारले गेले, इतर नोकरचाकरही.

वाड्यात मी आमच्या गाइडला टिळेकरांचे नाव विचारले. त्याला सुमेरसिंग पाठ होता, आनंदीबाई पाठ होत्या, 'ध' चा 'मा' पाठ होता. टिळेकर माहीत नव्हते. माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, एलियट्स बीचवर बोलून झाले होते.

'ध' चा 'मा' बद्दलही थोडे. गोष्ट अशी की रघुनाथरावांनी गारद्यांना 'धरावे' असे लिहून दिले आणि आनंदीबाईंनी 'ध' खोडून 'मा' केला, 'मारावे' झाले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज उपाय नाही असे तोंडावर सांगून पुणे सोडले. आनंदीबाईंवरचा आरोप परंपरेने चालत आला आणि लोकांच्या जिभेवर बसला. पुढे १९०९ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकाने हा सगळा विषय घराघरात नेला.

मला या अक्षराच्या गोष्टीत एक गैरसोयीची सोय दिसते. अक्षर बाईने बदलले म्हटले की बाकी सगळे सुटतात. पण समजा, अक्षर कुणीच बदलले नसते. 'धरावे' असाच हुकूम असता. राज्याच्या प्रमुखाला त्याच्याच पहाऱ्याने भर दुपारी धरावे, हा हुकूम तरी कुठे कायदेशीर होता? थकल्या पगाराचे हत्यारबंद लोक घरात सोडून 'फक्त पकडा' म्हणणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत याची जाण असायलाच हवी होती. पहिल्या अक्षराच्या आधीच गुन्हा झाला होता. बेकायदेशीर हुकूम देणारा आणि तो पाळणारा दोघेही जबाबदार, हे आज आपण प्रत्येक कॅडेटला शिकवतो. रामशास्त्र्यांनी तेच तत्त्व अडीचशे वर्षांपूर्वी सत्तेच्या तोंडावर लावले.

आणि या दुपारची किंमत केवढी? आता परंगीमलैकडे येऊ.

नारायणरावांच्या पश्चात त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. वारस आल्यावर रघुनाथरावांची पेशवाई गेली आणि ते इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. साष्टी आणि वसई देण्याच्या बोलीवर मुंबईकर इंग्रजांनी २,५०० माणसांची फौज कबूल केली. पुण्याच्या गादीच्या भांडणात इंग्रजी पलटण उतरली ती अशी. पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हत्यारे टाकली, पण कलकत्त्याने तो तह मानला नाही आणि युद्ध चालूच राहिले. मग नाना फडणवीसांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र बांधायचा डाव टाकला.

हैदरची स्वतःची कारणे होतीच. पण या फळीच्या भरवशावर तो जुलै १७८० मध्ये कर्नाटकात उतरला, थेट मद्रासच्या रोखाने. त्याला तोंड द्यायला सर हेक्टर मन्रोने फौज जमवली ती सेंट थॉमस माउंटला, म्हणजे माझ्या गच्चीवरून दिसणाऱ्या टेकडीपाशी. ऑगस्टअखेर ती कांचीपुरमकडे निघाली. १० सप्टेंबर १७८० रोजी पोळ्ळिलूरजवळ कर्नल बेलीची तुकडी हैदर आणि टिपूने पार बुडवली आणि मन्रो तोफा तळ्यात ढकलून मद्रासकडे मागे आला. पुण्यात एक दार उघडे राहिले, आणि सात वर्षांनी या टेकडीखालून हजारो शिपाई चालत गेले. त्यांतले कित्येक परतले नाहीत. त्यांत मद्रासी होते, तेलुगू होते, मुसलमान होते, गोरे होते. नारायणराव कोण हे त्यांतल्या कितीकांना माहीत असेल?

मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. रघुनाथरावांना नेमणूक मिळाली, ११ डिसेंबर १७८३ रोजी ते कोपरगावला वारले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. आणि १७७५ मध्ये त्यांना झालेला मुलगा दुसरा बाजीराव म्हणून शेवटचा पेशवा ठरला.

आपल्या फौजेतही भुताच्या गोष्टी आहेत, पण त्यांची जात पाहा. सिक्कीममध्ये नाथू ला जवळ १९६८ मध्ये गेलेला २३ पंजाबचा शिपाई हरभजनसिंग. त्याच्या ठाण्यावर जवान आजही माथा टेकतात, तो रात्री गस्त घालतो असे मानतात. कैक वर्षे त्याच्या नावाने रजा निघे आणि रेल्वेत जागा राखली जाई. तवांगच्या वाटेवर नुरानांगला १७ नोव्हेंबर १९६२ रोजी पडलेला ४ गढवाल रायफल्सचा जसवंतसिंग रावत, महावीरचक्र. त्याचे बूट अजून पॉलिश होतात, बिछाना घातला जातो. तिथे ड्यूटी केलेल्या कुणालाही विचारा, या भुतांची भीती वाटत नाही, आधार वाटतो. फौजेला जे आत्मे हवे आहेत ते मदत मागणारे नाहीत, पहाऱ्यावर उभे असलेले आहेत.

म्हणून शनिवारवाड्याला जाणाऱ्यांना माझी विनंती. जरूर जा, मुलांना न्या. दिल्ली दरवाजाचे खिळे दाखवा आणि विचारा, इतका बंदोबस्त असताना घात कसा झाला? नारायण दरवाजापाशी थांबा. 'काका, मला वाचवा' ही गोष्ट सांगा, ती खरीच आहे. अठरा वर्षांचा मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला असेल यात शंका नाही. पण तिथे थांबू नका. पगार कुणी थकवला, इशारा कुणाकडे अडकला, अर्धवट दारावर कोण नव्हते, तेही सांगा. ती माहिती भुतापेक्षा जास्त घाबरवणारी आहे आणि जास्त उपयोगाची.

आणि शेवटी एक नाव सांगा. त्या दुपारी ज्यांना पहाऱ्याचा पगार कबूल होता ते सगळे एक तर फितूर होते, नाही तर जागेवर नव्हते. ज्याचे ते काम नव्हते, तो आडवा पडला. हुजऱ्या चापाजी टिळेकर.

जय हिंद.